चेंबरवाल्या

चैत्र उतरायला लागला की गल्लीगल्लीत भिजल्या गव्हाचा आंबूस वास सुटतो. बायांना त्या वासानं माहेर आठवत असेल. मला कुसुमकाकूची गच्ची आठवते आणि माझं डोकं फिरतं. हात कामात असतात, तोंड बंद असतं, पण आत कोणीतरी सारखं भांडत असतं. यंदाही गहू भिजले, यंदाही पाणी बदलताना तोच वास हाताला लागला, आणि यंदाही मी मनातल्या मनात सगळ्यांशी भांडून घेतलं. तोंडानं भांडणं मला कधी जमलं नाही.

कुरोडीचा चीक हाटणं हे रागीट माणसाचंच काम आहे. पहाटे चूल पेटते, गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाण्याला उकळी येते, मीठ-हिंग पडतं, आणि मग तो पांढरा घट्ट चीक ओतून थांबायचं नाही. थांबलं की गाठी. लीला ओतते, मी हाटते. खांदा भरून येतो, वाफ तोंडावर येते, डोळ्यांतून पाणी वाहतं. त्या वेळी कोणी पाहिलं तर रडते आहे की घाम पुसते आहे ते कळत नाही, म्हणून मला ते काम आवडतं. चिकाला काचेसारखी चमक आली की लीला बोटावर घेऊन चाखते आणि म्हणते, "झाला वं. उतरव." इतकी वर्षं झाली, पण उतरव म्हणणार तीच.

लीला तांड्यावरची. मी कुणब्याच्या घरातली. नवऱ्याचं घर सोडून मी आर्णीत आले तेव्हा दोघीही लोकांच्या घरी रोजानं पापड लाटायला जायचो. एका उन्हाळ्यात एकाच पाटावर समोरासमोर बसलो, आणि तो उन्हाळा संपल्यावरही उठलो नाही, असं मला वाटतं. पुढे खोली एक झाली, चूल एक झाली. लोकांनी आम्हाला मावसबहिणी ठरवून टाकलं. तांड्यावरची लीला आणि कुणब्याची मी मावसबहिणी कशा होणार, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. गावाला उत्तर नको होतं, कुरोड्या हव्या होत्या. आम्हालाही ते सोयीचं होतं.

कुसुमकाकू आमची घरमालकीण. तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आमच्याकडे आणि वरची गच्ची उन्हाळाभर आमची. आर्णीतलं वैशाखाचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला त्या गच्चीची किंमत कळेल. सकाळी साच्यातून पाडलेली कुरोडी संध्याकाळी हातात घेतली की वाजायची. काकू पहाटेच जिना चढून यायची, वाटी पुढे करायची. "वच्छले, गरम चीक टाक वं थोडा. गोडं तेल टाकून दे." वाटीतला चीक बोटांनी चाटत ती सूनबाईच्या कागाळ्या सांगायची, नगरपरिषदेला शिव्या घालायची. घरामागचं नालीचं चेंबर सारखं तुंबायचं, आणि तो तिचा आवडता विषय होता. तिच्या बचत गटात आम्हाला तिनंच घेतलं होतं. त्या काळातली काकू आठवली की मला जास्त राग येतो. मुळातच वाईट असती तर बरं झालं असतं.

यवतमाळला महिला गटांचं प्रदर्शन होतं. आमच्या टेबलासमोर एक उंच बाई येऊन थांबली. गडद लाल साडी, ओठांना तसलाच रंग, आवाज मात्र भारी. तृतीयपंथी आहे हे आजूबाजूच्या टेबलांवरच्या हसण्यावरून मला आधी कळलं, तिच्याकडे पाहून नंतर. ती कुरोडी उन्हाकडे धरून पाहत होती.

"कोणी केल्या ह्या?"

"आम्ही," लीला म्हणाली.

"आम्ही म्हणजे?"

"मी अन् ही."

तिनं लीलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग अगदी सहज, जसं नवराबायकोला विचारतात तसं विचारलं, "किती वर्सं झाले सोबत?"

असं आम्हाला कधी कोणी विचारलं नव्हतं. मी टेबलाखाली वाकून नसलेली पिशवी शोधायला लागले. लीलानं वर्षं सांगितली. हसून सांगितली.

ती रोशनी. नागपूरला तिचा डबे आणि लग्नाच्या जेवणाचा धंदा. तिनंच सांगितलं की आपल्यासारख्या माणसांचा व्यापारी संघ असतो. बाई बाईसोबत राहते, माणूस माणसासोबत राहतो, कोणी तिच्यासारखं असतं, अशांचे धंदे. कोणाचं पार्लर, कोणाचं शिलाईचं दुकान, कोणी कॉम्प्युटरवाला. एकमेकांना काम द्यायचं, मोठ्या कंपन्यांशी बोलायचं, कोणी दुकानाची जागा नाकारली तर सगळ्यांनी मिळून जाब विचारायचा. नाव इंग्रजीत लांबलचक होतं. मला त्यातला एकच शब्द धरता आला, चेंबर. संघाला इंग्रजीत चेंबर म्हणतात हे मला तिथे कळलं.

आणि तोच शब्द मी काकूला सांगितला. दुसरं काही सांगायची हिंमत नव्हती. "काकू, उद्या नागपूरहून चेंबरचे लोक येऊन राह्यले. आमचं काम पाहाले."

"बाप्पा!" काकूचा चेहरा उजळला. "नागपूरहून? इथल्याच्यानं तं काही होऊन नाही राह्यलं!"

ती इतकी का खूश झाली हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. गाडीच्या काचेवर सात रंगांचा पट्टा. रोशनी उतरली, तिच्यामागून पांढरे बूट घातलेले अध्यक्ष, हातात कॅमेरा घेतलेली एक मुलगी. काकू आमच्याही आधी पुढे झाली. "या, या. इकून या. आधी ते पाहून घ्या." आणि ती सगळ्यांना घेऊन घरामागं, थेट नालीवर. "हे पाहा साहेब. इतके अर्ज केले. झाकण उचला, मंग समजन."

अध्यक्ष भले माणूस. त्यांनी खाली वाकून गंभीरपणे पाहिलं. "उद्योगाच्या जागेला सांडपाण्याची अडचण आहे का?"

"अडचण? अवो, पावसायात घरात येते सारं!"

रोशनीच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. ती इतकी हसली की भिंतीला हात टेकावा लागला. "माय, आमी ते चेंबर नाही!"

"मंग कोणतं?"

आणि रोशनीनं तिथेच, त्या उघड्या झाकणाजवळ उभं राहून सांगून टाकलं. कोणाचा संघ, कशासाठी, वच्छला आणि लीला कशा त्यात येणार. तिला वाटलं आम्ही घरात बोललेलो असू. काकू ऐकत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर नाकाला लावला. इतका वेळ नालीच्या वासानं तिनं पदर लावला नव्हता.

मला त्या दिवसाचं एवढंच नीट आठवतं. पुढचं गावानं केलं. संध्याकाळपर्यंत गटातल्या सगळ्या बायांना माहीत झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी नळावर मला नाव मिळालं होतं.

"आली वं चेंबरवाली. सरा, सरा, शिवन."

"झाकण लावून ठेव म्हणा वरून!"

हसणाऱ्या बायांमधल्या तिघींच्या पोरींच्या लग्नातले पापड मी लाटले होते. मी घागर भरली आणि आले. त्यांना वाटलं लाजली. मी लाजते हे खरं आहे, पण त्या दिवशी घागर कोणाच्या डोक्यात घालावी याचा विचार करत होते.

मग लाल कुरोड्यांची गोष्ट निघाली. आमच्याकडे मानतात की वाळवणावर विटाळशीची सावली पडली की कुरोडी तळताना लाल होते. गटातल्या एकीनं आमच्या कुरोड्या तळल्या, तिची कढई जास्त तापली असणार, कुरोड्या लाल पडल्या. झालं. "विटाळ चार दिसाचा असते, ह्याईचा बारा महिन्याचा हाय," असं ती सांगत फिरली. गटातून आमचं नाव गेलं. बाजारातल्या किराणा दुकानांनी पुडे परत पाठवले. एकानं तर पोत्यावर खडूनं लाल फुली मारून पाठवली. याच बायांनी आदल्या आठवड्यात आमचा गरम चीक वाटीवाटीनं खाल्ला होता. तेव्हा त्यांच्या जिभा लाल झाल्या नाहीत.

आणि एका पहाटे गच्चीच्या जिन्याला कुलूप होतं.

चीक तयार होता. वरचं पाणी ओतून टाकलं होतं, खाली दह्यासारखा घट्ट बसला होता. तो त्या दिवशी शिजवून उन्हात पडला पाहिजे, नाहीतर आंबट होऊन फुकट. रोशनीनं नागपूरच्या लग्नासाठी मागवलेला माल होता तो. लीलानं काकूचं दार वाजवलं.

"काकू, चावी द्या."

"गच्ची धुवाची हाय."

"मंग धुवून देतो आमी. आजचा दिवस द्या फक्त."

"तुमच्यानं धुवून साफ नाही होत वं ते," काकू आतूनच बोलली. दार उघडलं नाही.

लीलानं अध्यक्षांना फोन लावला. मी बाजूला उभी होते, आवाज मोठा येत होता. ते खरंच चिडले होते. म्हणाले, हे आपण सोडायचं नाही, तुम्ही दोघी आत्ताच्या आत्ता कुलपासमोर उभ्या राहून व्हिडिओ करा, चेहरे दिसू द्या, नावं सांगा, आपण अधिकाऱ्यांपर्यंत नेऊ, पेपरात आणू. तुम्ही फार धाडसी आहात, असंही म्हणाले.

मला त्या माणसाचाही राग आला. तेवढाच आला. काकूला आम्ही नको होतो आणि याला आमचे चेहरे हवे होते. मला फक्त ऊन हवं होतं. धाडसी! मी कुरोड्या घालते. गंजात चीक आंबतो आहे आणि हा माणूस मला धाडसी म्हणतो. लीलानं फोन माझ्यापुढे धरला, "बोल ना, दोन शब्द बोल." मी आत जाऊन गंजावर झाकण ठेवलं. व्हिडिओ झाला नाही. चीक दुपारी आंबला. मोकाट गाईंपुढे टाकला, त्यांनीही हुंगून सोडला.

लीला माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

रोशनी दुसऱ्या दिवशी स्वतः आली, कॅमेऱ्याशिवाय. ती आम्हाला घेऊन गावातल्या व्यापारी संघाच्या अध्यक्षांकडे गेली. मोठं किराणा दुकान, गादीवर शेठ, भोवती चहा घेणारे पाचसात दुकानदार. रोशनी हात जोडून म्हणाली, यांचा माल चांगला आहे, गावातलाच आहे, तुमच्या दुकानात पहिल्यापासून होता, तो पुन्हा ठेवा.

शेठ म्हणाले, "मॅडम, संघ व्यापाऱ्याईचा असते. नालीचा नसते."

सगळे हसले. रोशनीही हसली. "शेठ, नाली तुंबली तं वास कोनाच्या दुकानात येते? आम्ही उघडून देऊन राह्यलो. तेही फुकट."

एकाच्या नाकातून चहा आला. पण माल कोणी ठेवला नाही. हजरजबाबी बोलण्यानं दुकानं उघडत नाहीत हे मी तिथे पाहिलं. मात्र त्या चहा घेणाऱ्यांतला एक जण, गॅरेजवाला, बाहेर आमच्यामागून आला आणि रोशनीला हळूच म्हणाला, "मेरी एक शेड खाली पड़ी है, गाव के बाहर. धूप बहुत है." संघात बसून मात्र तो एक शब्द बोलला नव्हता. रोशनीनं भाड्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली आणि आम्ही काकूच्या खोल्यांतून सामान हलवलं.

म्हणजे रोशनीच्या संघानं काम केलं नाही असं मला म्हणता येत नाही. आज आमचा बहुतेक माल नागपूरला त्यांच्याच माणसांकडे जातो. डबेवाले घेतात, एक हॉटेलवाला घेतो, एका कंपनीच्या कॅन्टीनलाही त्यांनी लावून दिला. अडचण आली की फोन उचलतात. तरी मला त्यांच्या कार्यक्रमाला जायला आवडत नाही. एकदा गेले. थंडगार हॉल, स्टेजवर बोलणारे, अर्धं इंग्रजी. जे समजलं नाही ते सोडून दिलं, जे समजलं त्यातलं बरंचसं आवडलं नाही. दर थोड्या वेळानं कोणीतरी येऊन आमच्यासोबत फोटो काढायचं आणि म्हणायचं, खेड्यातून आल्यात, किती मोठी गोष्ट. कुरोडीची चव कशी झाली हे एकानंही सांगितलं नाही. त्यांनी आमच्या पुड्यासाठी कागद छापून आणला होता, वर आमच्या दोघींचा फोटो, खाली नावं, कडेला सात रंग. मी तो घडी करून पिशवीत टाकला आणि तो वापरायचा नाही असं लीलाला सांगितलं.

तिथलं एकच मला पटलं. दुचाकी दुरुस्त करणारा एक माणूस आमच्या शेजारी बसला होता. दाढी, दंडावर ग्रीसचा डाग, आणि कानात लोंबणारे झुमके. छान दिसत होते. सगळ्यांशी मोठ्यानं बोलत होता. निघायच्या वेळी दाराजवळ थांबून त्यानं झुमके काढले, रुमालात बांधले, खिशात ठेवले, आणि खाली मान घालून रस्त्यावर गेला. त्याला मी मनात म्हटलं, भाऊ, तुझं मला समजतं. बाकी स्टेजचं राहू दे.

लीला मात्र तिथे निराळीच होती. आर्णीत ती हसते तेव्हा तोंडावर हात असतो. तिथे ती डोकं मागे टाकून हसत होती, तांड्यावर होळीला हसतात तशी. रोशनीनं कोणाला तरी सांगितलं, "ही वच्छला, लीलाची माणूस." लीलानं माझा हात धरला आणि चारचौघांत सोडला नाही. माझ्या हाताला घाम सुटला. पण तिचा चेहरा मी पाहिला होता, आणि परतीच्या गाडीत मला भीती वाटायला लागली होती.

ती भीती या मोसमात समोर आली.

शेडला दोन दारं. पुढचं रस्त्यावर, मागचं शेताकडे. आमच्या कुरोड्या गावाला पुन्हा हव्या झाल्यात, कारण खाणारं तोंड किती दिवस रुसणार? पण येतात सगळ्या मागच्या दारानं. धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधावरून चालत, पिशवी पदराखाली. "कोणाले सांगू नको वं." "पुडा नको, डब्यात टाकून दे." लाल कुरोडीवाली तीही आली. मी मुकाट्यानं डबे भरून देत होते. त्यांच्याकडे न पाहता द्यायची मला सवय झाली होती, आणि त्यांना ते बरं पडत होतं.

एक दिवस अशीच एक जण गेल्यावर लीलानं साचा खाली ठेवला.

"मी नागपूरले जाते म्हणते," ती म्हणाली. "रोशनीजवळ मोठी गच्ची हाय. तिथं सारे मिळून करून राह्यले."

"अन् मी?"

"तुले चाल म्हणून राह्यली ना. तू येशीन का?"

मी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"मायच्यासमोर लपली, गावासमोर लपली. आता घेणाऱ्याईनं बी मले मागच्या दारानंच घ्यावं का? मी काही चोरीचा माल होय का वच्छी? इथं राहाचं तं नावानं राहाचं. नाही तं मी चालली."

ती ओरडली नाही. ओल्या कुरोड्यांवर माशी बसली होती ती हातानं उडवली, आणि पुन्हा साचा भरला. मी तिच्या मानेकडे पाहत राहिले. घामानं केस चिकटले होते. ती जाईल हे मला कळलं होतं. लीला एकदा उतरव म्हणाली की गंज उतरतोच.

मला नागपूर नको होतं. मी या गावातून का जाऊ? ऊन इथलं, पाणी इथलं, माझ्या हाताची चव यांच्या पोराबाळांच्या तोंडाला लागलेली. मी जायचं आणि यांनी मोकळं व्हायचं? विचार करता करता माझा राग इतका वाढला की त्याच्या पुढे लाज कुठे दिसेना. मी पिशवीतून तो घडी केलेला कागद काढला. फोटोत माझे डोळे अर्धे मिटलेले आहेत. लीला चांगली आली आहे. खाली लिहिलं आहे, लीला आणि वच्छला, आर्णी. मी म्हटलं, "हा छापून आण. सगळ्या पुड्यांवर लाव. अन् आता डब्यात सुट्या द्यायच्या नाहीत."

लीलानं मान वर केली. "संघवाल्यासाठी?"

"संघ गेला खड्ड्यात. ज्याले खाचं हाय त्याच्या फळीवर आपलं नाव राह्यलं पाह्यजे. रोज दिसलं पाह्यजे."

लीला हसली. हात तोंडावर नेला नाही. पण थांबते असंही म्हणाली नाही. "कागद छापनं सोपं हाय," एवढंच म्हणाली.

अध्यक्षांना कळलं तेव्हा त्यांनी अभिनंदनाचा निरोप पाठवला. त्यात धाडस हा शब्द होताच. मी जे केलं त्याला धाडस म्हणत नाहीत, खुन्नस म्हणतात, आणि ती माझी स्वतःची आहे, तिच्यात कोणाचा वाटा नको.

पुढे गिऱ्हाइकी तुटली. मागच्या दाराशी येऊन, पुडा पाहून, बाया परत जात होत्या. एकदोघींनी घेतला आणि दाराबाहेर कागद फाडून टाकला. मी तो उचलला नाही. वाऱ्यानं तो धुऱ्यावर फिरत होता. लीला रोज कामाला बसत होती, पण तिची लोखंडी पेटी भिंतीजवळून पुढे ओढलेली होती.

आज दुपारी मागचं दार वाजलं. कुसुमकाकू उभी होती. उन्हानं तोंड लाल झालेलं, चालून चालून दम लागलेला. जिन्याच्या कुलपानंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होती.

"पोरीचं जमलं वं वच्छले. अक्षय तृतीयेनंतर लग्न हाय. मोठे लोक हायेत तिकडचे." तिनं पाण्याच्या माठाकडे पाहिलं. "रुखवतात कुरोड्या ठेवाच्या हायेत. तुह्याच हातच्या पाह्यजे. पोरगी आयकून नाही राह्यली."

मी पुडे पुढे सरकवले. तिनं एक उचलला, कागद पाहिला, आमचा फोटो पाहिला, लांब धरून नावं वाचली. ओठ हलत होते. मग इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "बिना कागदाच्या नाही का? रुखवतात सारे पाहतात वं. त्याईले काय सांगू?"

लीला आत होती. साच्याचा आवाज थांबला होता.

समोर वाट पाहणारं माणूस असलं की मला हो म्हणायची सवय आहे.

"नाही," मी म्हणाले.

"अवं, पुरे पुडे घेते. कागद तेवढा..."

"नाही म्हटलं ना काकू. नाव घेऊन न्या. अन् पुढच्या दारानं न्या."

ती उन्हात उभी राहिली. पुडा तिच्या हातातच होता, खालीही ठेवत नव्हती, पिशवीतही टाकत नव्हती. मी तिला आत बोलावलं नाही. आतून साच्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.